रिकाम्या गव्हाणीचे दिवस

मोहन्याच्या कामगार वस्तीत शेवंती मकासरे लग्न होऊन आली, तेव्हा रेयॉनच्या कंपनीचा भोंगा वाजला की अख्खी वस्ती कूस बदलायची. कोणी डबा भरायचं, कोणी आंघोळीला पळायचं, रात्रपाळी करून आलेला एखादा मुकाट भिंतीकडं तोंड करून निजायचा. शेवंती राहुरीकडची. तिच्या माहेरच्या गावाला भोंगा नव्हता, चर्चची घंटा होती, आणि ती घंटा कोणाला घाई करायला सांगत नसे. भोंग्याची सवय व्हायला शेवंतीला बराच काळ लागला. पण माहेरून तिनं एक गोष्ट आणली होती, ती काही भोंग्याला दबली नाही. ती म्हणजे वाट बघण्याची रीत.

ख्रिस्ती माणसांत नाताळाच्या आधीचे चार रविवार वाट बघण्याचे असतात. आगमनकाळ म्हणतात त्याला. बाहेरच्या माणसाला नाताळ म्हटलं की पंचवीस तारीख दिसते, चांदणी दिसते, केक दिसतो. पण ज्याच्या घरी आवडता पाहुणा यायचा असतो त्याला विचारावं. पाहुणा उंबऱ्यावर पाय ठेवण्याआधी किती दिवस तो घरात वावरत असतो! त्याच्यासाठी गोधडी उन्हात पडते, त्याच्यासाठी अबोला मोडला जातो, शेजारणीकडून आणलेली पातेली आठवणीनं परत जातात.

शेवंतीचा नवरा पोपट कंपनीत फिटर. हाताचा कसबी, तोंडाचा फटकळ. बायकोच्या सांगण्यावरून त्यानं खोक्याच्या फळ्यांची एक गव्हाण केली, गुरांच्या वैरणीची असते तशी, पण पाळण्याएवढी. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी ती ओट्यावर मांडायची. रिकामी. शेजारी अटाळी गावच्या एका शेतकऱ्याकडून आणलेली भाताच्या पेंढ्याची पेंढी. वस्तीतल्या ज्या कोणी त्या दिवसांत कोणाचं काही भलं केलं असेल, त्यानं पेंढीतली एक काडी ओढून गव्हाणीत टाकायची. काय केलं ते मात्र सांगायचं नाही. सांगितलं की काडी फुकट गेली. अशा काडीकाडीनं बाळाचं अंथरूण व्हायचं, आणि चोवीस तारखेच्या संध्याकाळी फादर चर्चमधली येशूबाळाची मूर्ती फडक्यात गुंडाळून आणायचे आणि त्या अंथरुणावर निजवायचे.

एकदा काय झालं, पोपट आणि शेवंतीचं कशावरून तरी कडाक्याचं वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवंती बघते तर गव्हाणीत मूठभर पेंढा. एक काडी नाही, मूठभर.

"एवढं कसलं पुण्य केलंत रातोरात?" तिनं विचारलं.

"सांगितलं तर फुकट जाईल," पोपट म्हणाला आणि डबा उचलून पहिल्या पाळीला गेला. दिवसभर ती स्वतःशी हसत राहिली. त्यानं काय केलं होतं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढं कंपनी थंडावली. माणसं पांगली. ओट्यावर काडी टाकायला येणारे हात कमी होत गेले, तरी गव्हाण दरवर्षी मांडली जायची. पोपटनं अंथरूण धरलं तेव्हाही तो पडल्या पडल्या विचारायचा, "अंथरूण कितपत झालं गं?" ह्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या उपासकाळात तो गेला. मुलगा विनीत आला आणि म्हणाला, "आई, आता एकटी राहायचं नाही." मोहन्याची खोली कुलूप लावून तशीच ठेवली, आणि शेवंताबाई ठाण्याला खोपटच्या एस.टी. डेपोमागच्या इमारतीत मुलाच्या घरी आल्या.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. प्राची राजापूरकडची, हिंदू. विनीतशी तिची ओळख नोकरीत झाली आणि लग्न कोर्टात. दोन्ही घरांनी आधी नाकं मुरडली, मग हळूहळू सरळ केली. त्यांच्या घरात एका फळीवर गणपती आणि मारियामाता शेजारी शेजारी होते आणि दोघांपुढं एकच उदबत्ती लागायची. पोर मनानं निर्मळ, हातानं चपळ. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते. पाचव्या महिन्यात सगळं संपलं. त्यानंतर घरात तो विषय कोणी काढत नसे. शेवंताबाई तेव्हा पोपटच्या आजारपणातून एक दिवस काढून आल्या होत्या, सुनेच्या डोक्यावरून हात फिरवून "होईल गं, होईल" म्हणाल्या होत्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परतल्या होत्या.

सासू राहायला आली तसं प्राचीनं मनावर घेतलं. सासूबाईंचा नवऱ्याशिवायचा हा पहिला नाताळ. तो असा झाला पाहिजे की त्यांना उणं वाटता कामा नये. विनीतला विचारावं तर तो म्हणे, "झाड आण, लायटिंग कर, झालं." मग तिनं मोबाइलवर शोधलं, मागवलं, ऑफिसातून आल्यावर रात्री बसून जोडलं.

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला. शेवंताबाई विनीतबरोबर तलावपाळीजवळच्या जुन्या चर्चमध्ये मिस्सेला जाऊन आल्या. फादरांनी जांभळा झगा घातला होता, चार मेणबत्त्यांतली एकच पेटवली होती. शेवंताबाईंचं मन कसं तुळशीकट्ट्यासारखं सारवून स्वच्छ झालेलं होतं. दार उघडलं आणि दिवाणखान्यात लखलखाट. कोपऱ्यात झाड, खिडकीला चांदणी, आणि मेजावर गोठा. मेंढरं, मेंढपाळ, उंटांवरचे तीन राजे, छपरावर दिव्यांची माळ. मध्ये गव्हाण. आणि गव्हाणीत हात पसरून हसणारं गोरंगोमटं बाळ.

"सरप्राइज!" प्राची म्हणाली. तिच्या शेजारी सोसायटीच्या कमिटीतली चित्रा फोन रोखून उभी. "काकू, हसा की! तुमची रिॲक्शन घ्यायचीय. ह्या वर्षी आपल्या बिल्डिंगचा ख्रिसमस तुमच्या घरून सुरू!"

शेवंताबाई हसल्या. फोटो चांगला आला. पण आत कसं झालं, तर पानावर बसून मिठाला हात लावावा आणि कोणी पुढ्यात आचवायचं पाणी आणून ठेवावं, तसं. अजून कोणी काडी टाकली नव्हती. अजून कोणाचा अबोला मोडला नव्हता. वाट बघायला सुरुवात व्हायची होती, आणि येणारा येऊन हसतही होता.

"छान केलंस गं," त्या म्हणाल्या.

दुपारी विनीत स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "ते बाळ तेवढं काढून ठेवता येईल का रे? चोवीसपर्यंत? आपल्याकडं गव्हाण रिकामी असायची, आठवतं ना?"

"अगं, ते चिकटवलंय तिनं. पक्कं." विनीतनं आवाज खाली केला. "आणि आई, ती झोप मोडून करत बसलेली. तू प्लीज आता काही बोलू नकोस. तिला किती वाईट वाटेल."

"मी कुठं काय बोलले," शेवंताबाई म्हणाल्या. बोलल्या नाहीतच. पण न बोलणारं माणूस गप्प असतंच असं नाही. त्यांनी आपल्या खोलीत खाटेशेजारच्या स्टुलावर एक वेताची परडी मांडली. रिकामी. म्हटलं, आपल्यापुरती तरी वाट बघू.

संध्याकाळी बघतात तर परडीत संत्री. प्राचीला वाटलं, आईंना खोलीत काही खायला लागत असेल. त्यांनी संत्री फळांच्या टोपलीत नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी परडीत शेवंतीची फुलं. सासूबाईंच्या नावाची, मुद्दाम आणलेली. फुलं मारियामातेपुढं गेली. तिसऱ्या खेपेला परडीत लाल कागदातली चॉकलेटं, वर छोटी सांताक्लॉजची टोपी. शेवंताबाईंना हसू आलं आणि रागही आला. ह्या पोरीला एक जागा रिकामी बघवत नाही का, त्यांच्या मनात आलं. मनात आलं खरं, पण ते वाक्य त्यांनी उलटून बघितलं नाही. तेव्हाच बघितलं असतं तर पुढचं टळलं असतं.

घरात लगबग वाढत चालली. सोसायटीच्या पार्टीची सजावट प्राचीकडं, कारण "तुमचंच तर घर आहे ख्रिश्चन!" विनीतच्या ऑफिसात चिठ्ठी काढून गुपचूप भेटी द्यायचा खेळ. केकच्या ऑर्डरी, कोणाला काय द्यायचं त्याच्या चर्चा. शेवंताबाईंना ह्यातलं काही वाईट वाटत नव्हतं. पोरं हसतखेळत होती, ते बघायला बरंच वाटायचं. पण रोज उठून त्या मेजाकडं बघायच्या आणि त्यांना वाटायचं, पोपट गेला तसे हे दिवसही गेले. आता आपण ह्या घरात नाताळ जेवायचा, आगमनकाळ आपला नाही.

दुसऱ्या रविवारी रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं.

"मी म्हणते, जरा मोहन्याला जाऊन राहावं. खोली उघडून झाडून काढते. नाताळ तिथंच करीन. पुढचं पुढं बघू."

विनीतचा घास थांबला. "अगं, एकटी? तिथं आता आहे कोण?"

"कोण कशाला लागतं. मी आहे की."

"आई, माझं काही चुकलं का?" प्राचीनं विचारलं.

"छे गं! तुझं काय चुकतंय. तू सगळं गोडच करतेस." शेवंताबाईंनी असं म्हटलं आणि ताटातली भाकरी मोडत राहिल्या. गोड बोलून दार लावून घ्यायचं, ते माणसाला किती लागतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्या रात्री पलीकडच्या खोलीतून नवरा-बायकोच्या हलक्या बोलण्याचा आवाज येत होता. काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी प्राचीनं रजा घेतली. शेवंताबाई दुपारी जरा आडव्या झाल्या, डोळा लागला. उठल्या तर घर शांत. चहाचं विचारायला म्हणून दिवाणखान्यात आल्या आणि मेजापाशी थबकल्या.

गव्हाण रिकामी होती.

तळाशी सुकलेल्या गोंदाचा पिवळा डाग, बाजूला भाजी चिरायची सुरी, आणि डागाशेजारी प्लास्टरचा एक एवढासा हात. मनगटापासून तुटलेला. तांदळाच्या दाण्याएवढी बोटं, तशीच पसरलेली. बाळ कुठंच नव्हतं. प्राचीही नव्हती.

शेवंताबाईंनी तो हात उचलून तळव्यावर घेतला आणि दुसऱ्या हातानं फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर प्राचीचा आवाज आला, मागं गाड्यांचे हॉर्न.

"आई, मी तलावपाळीला आहे. आई, तुमच्यात विसर्जन कसं करतात?"

"काय करतात?"

"माझ्याकडून मूर्ती भंगली," प्राची म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "मी काढायला गेले आणि भंगली."

"तिथंच बस," शेवंताबाई म्हणाल्या. "हलू नकोस. आले मी."

खाली रिक्षावाला जवळचं भाडं म्हणून कुरकुरला. "काकी, एवढ्यासाठी चालत जातात लोक."

"गुडघे तुझे दे, जाते चालत," शेवंताबाई म्हणाल्या आणि बसल्या. मुठीत तो हात होता. रिक्षा डेपोवरून वळली तेव्हा त्यांच्या मनात आलं, इतके दिवस आपण रिकामी गव्हाण मागत होतो; पण ह्या पोरीसाठी एक काडी तरी आपण टाकली का? ती संत्री आणत होती, फुलं आणत होती, आणि आपण एकेक वस्तू उचलून बाहेर ठेवत होतो.

तलावाकाठच्या कठड्याला लागून प्राची बाकावर बसली होती. मांडीवर ओढणीत गुंडाळलेलं काहीतरी आणि शेजारी स्टीलचा डबा. चार पावलांवर तलावाचा रखवालदार तिच्यावर नजर ठेवून उभा. संध्याकाळची माणसं कठड्याभोवती फेऱ्या घालत होती, भेळवाल्यांचे दिवे लागत होते.

"ओ आजी, तुमच्या आहेत का ह्या मॅडम?" रखवालदार म्हणाला. "सांगा त्यांना, पाण्यात काय टाकायचं नाही. कधीपासून सांगतोय."

"नाही टाकत बाबा. जा तू." शेवंताबाई सुनेशेजारी बसल्या. "डब्यात काय आहे गं?"

"दहीभात."

"कोणाला?"

"बाळाला." प्राचीनं नाक पुसलं. "आमच्याकडे गणपती आणताना भंगला ना, की दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि विसर्जन करतात. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत. तुमच्यात काय असतं मला माहीत नाही. म्हणून चर्चच्या गेटपर्यंत गेलेले, फादरना विचारायला. मग वाटलं, ते विचारतील तू कोण. काय सांगणार? परत फिरले. इथे आले तर हा काही टाकू देत नाही."

शेवंताबाईंनी डब्याकडं बघितलं, ओढणीतल्या गाठोड्याकडं बघितलं. "अगं बाई, असल्या थंडीचं लेकराला दही? छाती भरेल की त्याची!"

प्राचीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. शेवंताबाईंनी तिला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी आपली मूठ उघडून तो इवलासा हात दाखवला.

"हा घरीच विसरलीस."

"मला बघवेना तो."

"आमच्यात मोडलेल्याला बुडवत नाहीत, प्राची. जोडतात. विनीत आहे ना, बापाचा हात आहे त्याच्या हाताला. बसेल जोडत."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"कशाला रागावू? तू काढायला गेलीस ते माझ्यासाठीच ना?"

प्राचीनं मान डोलावली. "काल रात्री विनीतला विचारलं, आई खरं का चालल्यात. तेव्हा म्हणाला, आमच्याकडे गव्हाण चोवीसपर्यंत रिकामी असते. मी म्हटलं, अरे, मग आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे, डोक्यातच नाही आलं." ती थांबली. तळ्याच्या पाण्यावर दिव्यांच्या पट्ट्या हलत होत्या. "पण खरं सांगू, आई? माहीत असतं तरी मी बाळ घातलंच असतं त्यात."

"का गं?"

"आमची आजी म्हणायची, रिकामा पाळणा हलवू नये. घरात रिकामा पाळणा ठेवूच नये. ते खोकं आलं ना, उघडलं, तर आधी ती गव्हाण निघाली. बाळ वेगळ्या पिशवीत होतं. ती रिकामी हातात घेतली आणि मला धरवेना. लगेच गोंद काढला. असं चिकटवलं, की परत निघून जाऊ नये."

आता शेवंताबाईंना ती संत्री कळली. ती फुलं कळली, तो लाल कागद कळला. एक जागा रिकामी बघवत नाही का, असं त्यांच्या मनात आलं होतं. नव्हतीच बघवत.

त्यांच्या ओठांवर पवित्र शास्त्रातली अलीशिबा आली. म्हातारपणापर्यंत कूस उजवली नव्हती तिची, आणि ह्याच आगमनकाळात तिची गोष्ट चर्चमध्ये सांगतात. "ती अलीशिबा होती ना..." त्यांनी सुरुवात केली आणि तिथंच गिळून टाकलं. ह्या पोरीला 'होईल गं' म्हणणारे खूप झाले. त्यांतल्या पहिल्या आपणच. त्याऐवजी त्यांनी जे विचारलं ते त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं की आपण विचारणार आहोत.

"मुलगा होता की मुलगी?"

प्राचीनं त्यांच्याकडं वळून बघितलं. दोन वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं.

"मुलगी."

"नाव ठेवलेलंस?"

"मनातल्या मनात."

"काय?"

प्राची बराच वेळ ओढणीच्या गाठीशी खेळत राहिली. मग म्हणाली, "क्षिप्रा."

"क्षिप्रा," शेवंताबाई म्हणाल्या. हाक मारावी तसं म्हणाल्या, मोठ्यानं, फिरायला आलेल्या चार माणसांच्या कानावर जाईल असं. "क्षिप्रा विनीत मकासरे. चांगलं नाव आहे."

रखवालदार दुसऱ्या टोकाला निघून गेला. प्राचीनं ओढणी सोडून बाळाला नीट झाकलं. तुटलेल्या हाताची बाजू आत घेऊन.

"आमच्याकडे गणपतीचा पाटपण आदल्या दिवशी रिकामाच असतो," ती मघापेक्षा मोकळ्या आवाजात म्हणाली. "मखर बांधलेलं, पाट मांडलेला, समया घासलेल्या. येता-जाता सगळे त्या पाटाकडे बघतात आणि कोणाला तो भकास वाटत नाही. मला कधी सुचलंच नाही, की तुमचं पण तेच असेल."

"तेच आहे. तुमचा पाहुणा येऊन बसतो, आमचा येऊन निजतो, एवढाच फरक."

प्राची हसली. मग तिचा चेहरा पुन्हा उतरला. "पण गणपतीची तारीख ठरलेली असते, आई. नाताळची पण ठरलेली असते. तारीख माहीत असली की वाट बघायला काय जातंय?"

शेवंताबाईंनी विचार केला. आयुष्यभर त्यांनी आगमनकाळ पाळला होता, आणि हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. "खरंय तुझं," त्या सावकाश म्हणाल्या. "आम्ही तारीख धरून बघतो, म्हणून सोपं जातं. पण पहिल्यांदा ज्यांनी वाट बघितली ना, त्यांना कुठं तारीख होती? पिढ्या गेल्या त्यांच्या. म्हातारे मेले वाट बघत. त्यांची आठवण म्हणून तर हे चार आठवडे आहेत. जो येतो, तो राजाच्या घरात नाही येत. जिथं रिकामं आहे, तिथं येतो. मी हे दरसाल ऐकते. आज..." त्यांनी मुठीतला तो हात ओढणीत बाळाशेजारी ठेवला.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "हे बघ, आपण बाळ जोडू आणि पुन्हा होतं तिथं ठेवू. तुला बघून बरं वाटतं तर राहू दे. मला आता काही वाटायचं नाही. बाळाच्या आईचं मन मोडून बाळाचं अंथरूण होत नाही."

प्राचीनं मान हलवली. "नको. राहू दे रिकामी." मग जरा थांबून, "तुम्ही असलात तर राहू दे. एकटीला नाही बघवणार मला. तुम्ही मोहन्याला गेलात तर मी परत चिकटवीन."

"मी कुठं जातेय आता," शेवंताबाई म्हणाल्या. "आण तो डबा. दुपारपासून जेवली नसशील."

दोघींनी तळ्याकाठी बसून येशूबाळाच्या नैवेद्याचा दहीभात खाल्ला. एकच चमचा होता. सून एक घास घ्यायची, सासू एक. मीठ कमी पडलं होतं, ते शेवंताबाईंनी सांगितलं आणि प्राचीनं "घाईत केलेला" म्हणून ऐकून घेतलं. परतताना जांभळी नाक्याला एका फळवाल्याच्या पाट्यांत पपयांखाली पेंढा दिसला. शेवंताबाईंनी मागितला तर तो म्हणाला, "काकी, शहरात गाय पाळली का काय?"

"पाळणार आहे. बैल पण आणणारेय," प्राची म्हणाली आणि दोन्ही हातांनी पेंढा पिशवीत भरला.

विनीतनं त्या संध्याकाळी टेबलावर वर्तमानपत्र पसरून, चष्मा लावून, बाळाचा हात जोडला. सांधा दिसत होता, पण बसला. बाळ शेवंताबाईंच्या कपाटात गेलं, साड्यांच्या घडीत, मऊ लुगड्यावर. गव्हाण मेजावर तशीच राहिली. तिच्याशेजारी फळवाल्याचा पेंढा. रीत काय ते शेवंताबाईंनी दोघांना समजावून सांगितलं, काडी टाकायची आणि सांगायचं नाही. विनीत म्हणाला, "हे पप्पांचं," आणि पेंढ्यातल्या काड्या सारख्या करत बसला. झाड होतं तिथंच होतं. चांदणी रोज लागायची. प्राची पार्टीच्या पताका कापायची, शेवंताबाई तिला चिकटपट्टी तोडून द्यायच्या, आणि चॉकलेटाचे लाल कागद कसे दुमडायचे ते शिकायच्या. गव्हाणीच्या तळाचा गोंदाचा डाग हळूहळू काड्यांखाली झाकत चालला. कोण कधी टाकतं, कोणाला कळत नव्हतं. एकदा सकाळी सकाळी शेवंताबाईंना प्राची मेजापाशी उभी दिसली, रिकाम्या गव्हाणीच्या काठावर हात टेकून. त्या पुढं झाल्या नाहीत, मागंही गेल्या नाहीत. दारात उभ्या राहिल्या, ती वळेपर्यंत.

तिसऱ्या रविवारी सोसायटीच्या बायका सजावट बघायला आल्या. पुढं चित्रा, हातात फोन. शेवंताबाई आत चहाचं आधण ठेवत होत्या.

"अय्या, प्राची! बाळ कुठे गेलं?" चित्राचा आवाज आतपर्यंत आला. "त्या दिवशी तर होतं! मी फोटो टाकलेला ग्रुपवर. पडलं का काय?"

आत शेवंताबाईंचा साखरेचा चमचा हवेतच थांबला.

"नाही गं," प्राची म्हणाली. तिचा आवाज साधा होता, रोजच्यासारखा. "यायचंय अजून."

"मग आत्ता शूट काय करू? नुसतं गवत?"

"गवतच कर. बस ना, सांगते तुला, बस."

शेवंताबाईंना वाटलं, बाहेर जावं, आपण नीट समजावून सांगावं, ही रीत आपली आहे. पदराला हात पुसून त्या दोन पावलं पुढं गेल्यासुद्धा. मग थांबल्या. बाहेर प्राची सांगत होती, जरा चुकत, मध्येच गणपतीच्या पाटाचं उदाहरण घालत, आणि बायका ऐकत होत्या. शेवंताबाई परत ओट्याशी आल्या. माणसं किती आहेत त्याचा अंदाज घेत त्यांनी चहात आणखी पाणी घातलं.